कुत्रा शिकवायचा की वठणीवर आणायचा?

सांगली-मिरजेत सकाळी मैदानावर पिल्लं घेऊन जमणारी माणसं गेल्या काही वर्षांत वाढली आहेत. कुणाच्या हातात जाड दोरीची गाठ असते, कुणाच्या कमरेला खाऊची पिशवी. पिल्लू दोरी धरून ओढतं, "सोड" म्हटलं की सोडतं, खाली बसतं आणि पुन्हा दोरी मागतं. फिरायला आलेले काका थोडा वेळ बघतात आणि विचारतात, "हे सगळं खेळणंच चाललंय, शिकवणार कधी?" प्रश्न मनापासूनचा असतो. तो का पडतो, हे समजायला जरा मागे जावं लागतं.

फार मागे जायची गरज नाही. औदुंबरला दत्ताच्या पायाशी कुत्री आहेत, पालीचा खंडोबा कुत्र्याशिवाय पुरा होत नाही आणि संगम माहुलीला सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. कुत्र्याला मान होता, पण त्याला बसवून शिकवण्याची पद्धत नव्हती. माण, खटाव, आटपाडी, जतकडे मेंढरांमागे फिरणारं कुत्रं पिल्लू असल्यापासून कळपात वाढतं आणि थोरल्या कुत्र्याचं बघून शिकतं. जतकडचा कारवान, म्हणजेच सीमेपलीकडचा मुधोळ, पाठलागासाठीच निपजवला गेला. पळायला त्याला कुणी शिकवलं नाही. बाकी आपले शब्द मोजकेच होते. बोलवायला "यू यू", हाकलायला "हाड" आणि अंगावर सोडायला "छू".

आज ज्याला आपण ट्रेनिंग म्हणतो ते आलं युरोपातून, तेही पोलिसांकडून. १९१० साली एका जर्मन पोलीस अधिकाऱ्याने कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यातली रीत सक्तीची होती : आज्ञा द्यायची, ती मोडली की गळ्यातल्या साखळीला झटका, ऐकलं की कौतुक. दोन महायुद्धांत हीच रीत लष्करी कुत्र्यांबरोबर जगभर पसरली. १९६२ साली अमेरिकेत, सिनेमासाठी प्राणी तयार करणाऱ्या एका मास्तरांच्या पुस्तकाने ती घराघरात नेली. माझ्या लहानपणी मिरजेत कुत्रा "तयार करून देणारे" म्हणून जे एक-दोघे होते, ते श्वान पथकातून किंवा फौजेतून निवृत्त झालेले. घरात सगळे मराठी बोलणारे, पण कुत्र्याला "सिट", "डाऊन", "हील". ही इंग्रजी त्याच वाटेने आली. माणसं वाईट नव्हती, कुत्र्यांवर त्यांचा जीव होता. त्यांना जे शिकवलं होतं तेच ते पुढे शिकवत होते.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याच्यापायी निम्मी भांडणं होतात.

मराठीत शिक्षण आणि शिक्षा एकाच धातूतून आले. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या. आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. "चांगला धडा शिकवला" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शाळा येत नाही, मार येतो. म्हणून "कुत्र्याला शिकवायचं आहे" म्हणणाऱ्याच्या मनात आधीच काठी असते. "वळण", "वचक", "वठणी" हे शब्द त्याच रांगेत उभे आहेत. खेळ त्या रांगेत कुठेच बसत नाही. खेळ म्हणजे लाड.

त्यात मानसशास्त्राने आणखी एक गाठ मारून ठेवली. १९३०च्या दशकापासून अमेरिकेत उंदीर आणि कबुतरांवरच्या प्रयोगांतून जो सिद्धांत उभा राहिला, त्याला आपली पाठ्यपुस्तकं साधक अभिसंधान म्हणतात. परिणाम बघून वागणं वाढतं किंवा घटतं, एवढंच त्याचं म्हणणं. वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. परिणामात काही भर पडली तर धन, काही काढून घेतलं तर ऋण. धन-ऋण म्हणजे इथे निव्वळ बेरीज-वजाबाकी. चांगलं-वाईट असा अर्थ त्यात अजिबात नाही.

आयर्विन पुलाजवळच्या घाटावर रोज दिसणारं उदाहरण घ्या. कुत्रा दोरी ओढत पुढे धावतोय. मालकाने झटका दिला, गळा आवळला, ओढणं कमी झालं. झटक्याची भर पडली म्हणून पुस्तकाप्रमाणे ही धन शिक्षा, इंग्रजीत "पॉझिटिव्ह पनिशमेंट". दुसऱ्याने साखळी आवळूनच धरली आणि कुत्रा पायाशी आल्यावर सैल केली. त्रास काढून घेतला, पायाशी चालणं वाढलं, हे झालं ऋण प्रबलन. ऐकायला मऊ वाटतं, पण सैल करायला आधी आवळावी लागते, हे कुणी सांगत नाही. तिसरी बाई कुत्रा ओढायला लागला की नुसती थांबते. झाडापर्यंत पोचायची संधी काढून घेतली म्हणून ही ऋण शिक्षा, "निगेटिव्ह पनिशमेंट". नाव किती भयंकर, आणि करायचं काय तर उभं राहायचं! चौथा माणूस कुत्रा शेजारी चालला की "जा" म्हणून त्याला त्याच झाडाकडे धावू देतो. हे धन प्रबलन.

हा घोळ कागदावर राहिला असता तर हरकत नव्हती. पण "पॉझिटिव्ह" म्हणजे प्रेमाचं असं लोक समजतात, आणि त्या नावाखाली गळ्याला विजेचा झटका देणारा पट्टा वापरणाराही स्वतःला पॉझिटिव्ह म्हणवून घेऊ शकतो. उलट "आम्ही शिक्षा करतच नाही" म्हणणारे खेळातून शिकवणारेही पुस्तकाप्रमाणे अर्धंच खरं बोलतात. दात लागला की दोरीचा खेळ अर्धा मिनिट बंद, ही शिक्षाच आहे. माझ्या मते प्रश्न "शिक्षा आहे की नाही" हा नाहीच. कुत्र्याला दुखतं का, त्याला भीती वाटते का, एवढंच विचारावं. मी हे शब्द मराठीत सांगायला लागलो तेव्हापासून "थांबवणं" आणि "मारणं" असे दोन वेगळे शब्द वापरतो. शिक्षा हा शब्द वर्गात येऊच देत नाही.

झटका इतकी वर्षं टिकला, कारण तो लगेच लागू पडतो. ओढणं त्या क्षणी थांबतं आणि झटका देणाऱ्या हातालाच बक्षीस मिळतं. पुढच्या वेळी तो हात आणखी लवकर उठतो. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं, भीती सोडत नाही. मग एक दिवस ते "काही न सांगता" चावतं. सांगणं आपणच बंद पाडलेलं असतं.

दुसरी अडचण लांडग्याने केली, खरं तर लांडग्याच्या नावाने. १९४७ साली एका प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून कळपाच्या म्होरक्याची, "अल्फा"ची कल्पना निघाली. पुढे १९७०च्या एका गाजलेल्या ग्रंथाने ती पक्की केली. मग "कुत्र्याच्या आधी तुम्ही जेवा", "दारातून आधी तुम्ही बाहेर पडा", "पाठीवर पाडून दाबून धरा" असे सल्ले सुरू झाले. त्याच ग्रंथाच्या लेखकाने नंतर कॅनडाच्या उत्तरेत तेरा उन्हाळे मोकळ्या लांडग्यांमागे काढले आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. अल्फा हा शब्दच सोडून द्या, असं त्याचं म्हणणं होतं. माणच्या माळावर नर-मादी आणि वर्षाची पिल्लं बघितलेल्या मेंढपाळाला यात नवीन काही वाटणार नाही. पण पाठीवर पाडायचा सल्ला मात्र अजून चालू आहे.

खेळाचा धागा याच काळात वेगळीकडून विणला जात होता. १९४०च्या दशकात उंदीर-कबुतरांच्या त्या प्रयोगशाळेतलेच दोघे विद्यार्थी बाहेर पडले आणि कोंबड्या, डुकरं, कुत्री यांना खाऊ देऊन कामं शिकवण्याचा त्यांनी व्यवसायच काढला. १९५१ साली त्यांच्या गुरूंनी एका मासिकात सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला : अचूक क्षणी आवाज करायला मुलांचं टिकटिक खेळणं घ्या. आपल्या जत्रांत पत्र्याचा बेडूक मिळायचा, पोटाखाली दाबला की "टिक-टॅक" वाजणारा, तीच जात. मी स्वतः पालीच्या जत्रेतून आणलेल्या बेडकावर पहिलं कुत्रं शिकवलं. कुत्रं बसलं, त्याच क्षणी टिक, मग तुकडा. खाऊ पोचायला दोन-तीन सेकंद लागतात, तोवर कुत्रं उठलेलं असतं. आवाजाने "हेच, हे आत्ताचं" असं सांगता येतं. ही रीत जोराने पसरली ती १९८० नंतर. हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकवणाऱ्या एका बाईंनी १९८४ साली पुस्तक लिहिलं. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही आणि रागावलं तर तो पोहून लांब जातो, म्हणून तिथे सक्तीला वावच नव्हता. त्याच दशकात पिल्लांचे वर्ग सुरू झाले. तोवर सहा महिन्यांच्या आत कुत्रं शिकवायचं नाही असाच दंडक होता, आणि पिल्लाच्या जगाशी ओळखीपाळखीचं खरं वय तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं. ते तर कधीच निघून गेलेलं असायचं.

खेळच का? कुत्र्याच्या शिकारीची एक साखळी असते : हुंगणं, टक लावणं, पाठलाग, पकडणं, झटकणं, खाणं. निरनिराळ्या जातींत तिच्या निरनिराळ्या कड्या माणसाने बळकट केल्या. लॅब्रेडॉर खाऊवर सगळं करतो. कारवान पुष्कळदा उकडलेली कलेजीही हुंगून सोडतो, पण दोरीला बांधलेली चिंधी मातीवरून सरपटत गेली की त्याचे कान मागे जातात आणि सगळं अंग ताणलं जातं. "थांब" म्हटल्यावर तो दोन सेकंद थांबला की चिंधी पळवायची. न थांबला तर चिंधी मेली, पडून राहिली. संयम त्याला असा शिकवता येतो. दोरी ओढू दिली तर कुत्रा डोईजड होतो ही भीतीही २००२ साली तपासून झाली : १४ गोल्डन रिट्रीव्हर, प्रत्येकाला २० वेळा जिंकू दिलं, २० वेळा हरवलं. जिंकल्याने कुणी माणसावर वरचढ झालं नाही.

यातला एक खेळ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला कारण २०१९चा महापूर आहे. सांगलीवाडीत एका पत्र्यावर काळं कुत्रं अडकलं होतं. बोटीत त्याचा मालक स्वतः होता. नाव घेतलं की शेपूट हलायची, पण पट्ट्याकडे हात गेला की ते पोट टेकून मागे सरकायचं. तीनदा असंच झालं, तिसऱ्यांदा ते हाताला चावलं. मालकाने त्याला कधी उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त पट्टा धरला की बांधणं किंवा मार, एवढंच त्या कुत्र्याला माहीत होतं. शेवटी चादर टाकून उचललं. त्या मागे सरकण्याने मी आतून हललो.

पट्टा धरण्याचा खेळ एका मिनिटाचा आहे. पट्ट्याला एक बोट लावायचं आणि लगेच तुकडा. दहा-बारा वेळा. मग दोन बोटं, मग मूठ, मग हलकं ओढणं. आधी हात, मागून खाऊ, हा क्रम मोडायचा नाही. आधी खाऊ दाखवून मग पट्टा धरला तर कुत्रं खाऊलाच घाबरायला लागतं. पचनाच्या अभ्यासाला १९०४चं नोबेल मिळालेल्या रशियन शास्त्रज्ञाची, पाव्हलॉव्हची, ऐकताच कुत्र्यांना लाळ सुटायची ती घंटाही जेवणाच्या आधी वाजायची, नंतर नाही.

खाऊवरून आठवलं. आपल्या तासगाव-सांगलीकडे खिशात सहज असतो तो बेदाणा. तो कुत्र्याला अजिबात देऊ नका, द्राक्षही नको. त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर ते कुत्र्यागणिक बदलतं. अलीकडे, २०२१पासून, यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मानलं जातं. ते चिंचेतही असतं. बिनमिठाचे शेंगदाणे, उकडलेलं अंडं, कलेजीचे नखाएवढे तुकडे चालतात.

पुढचा इतिहास दाट आहे. २००४च्या ब्रिटनमधल्या ३६४ मालकांच्या पाहणीत बक्षिसाने शिकवलेली कुत्री जास्त ऐकणारी आढळली आणि शिक्षा वापरणाऱ्यांकडे तक्रारी जास्त. २०१० साली वेल्सने विजेच्या पट्ट्यांवर बंदी घातली. २०२० साली पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात सक्तीच्या वर्गातल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक वर्गानंतर जास्त वाढलेलं दिसलं. त्याच वर्षी टाळेबंदीत आपल्याकडे घरोघर पिल्लं आली, बाहेरची माणसं न बघताच मोठी झाली आणि वर्षभराने मालक मास्तर शोधू लागले. आजच्या वर्गांची गर्दी तिथून सुरू झाली, असं माझं निरीक्षण आहे.

मार्च २०२४मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने २३ जातींच्या पैदाशीवर आणि विक्रीवर बंदी आणायला सांगणारं पत्र राज्यांना पाठवलं. संबंधितांचं म्हणणं ऐकलं नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. वाद जातींवर झाला. पिल्लू कुणी, कसं वाढवलं यावर कुणी फारसं बोललंच नाही, याचं मला वाईट वाटतं. १९६०च्या कायद्यात मारहाण हा गुन्हा आहे, आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा आहे. यातला कुठलाही गुन्हा पहिल्यांदा केला तर दंड १० ते ५० रुपये, आजही तेवढाच. २०१७च्या नियमांनी पैदास करणाऱ्यांना नोंदणी लागू केली, शिकवणाऱ्यांना नाही. त्यामुळे महिनाभर कुत्रा नेऊन "तयार करून" आणणारे आजही आहेत, आणि फाटकाआड काय होतं ते मालकाला कळत नाही. मैदानावरच्या वर्गात दोरी पहिल्या दिवसापासून मालकाच्याच हातात असते, आणि विचारणाऱ्या काकांनाही दोन तुकडे देऊन पिल्लाचा पट्टा धरायला सांगतात.