रोज एक इंग्रजी शब्द पाठ करताय, पण परवाचा आठवतोय का?

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात पोरगं शाळेत जायच्या आधीच दोन-तीन भाषा कानावर घेऊन जातंय, घरात मराठी, बाजारात आणि बसमध्ये कन्नड, शेजार तसा असला तर उर्दू नाहीतर कोकणी, आणि ह्या सगळ्यावर मग इंग्रजी. मराठी मीडियमनं एसएसएलसी म्हणजे दहावी पास झालेली मुलं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतात तेव्हा फिजिक्स आणि बायोलॉजी एकदम इंग्रजीत सुरू होतं, आणि पहिले सहा महिने खरी झटापट विषयाशी नसतेच, शब्दांशी असते. हुशार मुलं इथं खचतात. म्हणून रोज एक नवीन शब्द शिकायची सवय मला मनापासून आवडते, मग तो व्हॉट्सअॅप स्टेटसवरचा असो, कॅलेंडरवरचा असो की वहीतला. फक्त ती सवय बहुतेकजण ज्या पद्धतीनं करतात ना, त्यात सगळी मेहनत नवीन शब्दावर जाते आणि जुना शब्द वाऱ्यावर सोडला जातो, आणि मेंदूचं शास्त्र बघितलं तर नेमकं उलटं करायला पाहिजे.

आधी थोडा हिशोब करू. २०१६ मध्ये मार्क ब्रिसबार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा अभ्यास छापला, त्यात असं निघालं की जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या २० वर्षांच्या अमेरिकन माणसाला सरासरी ४२,००० शब्द माहीत असतात, आणि त्यानंतर वयाच्या ६० पर्यंत तो आणखी साधारण ६,००० शब्द शिकतो. म्हणजे दोन दिवसांत एक. तुम्ही रोज एक शब्द शिकून तो खरंच टिकवलात तर तुमचा वेग त्याच्या दुप्पट झाला की! आता दुसरी बाजू बघा. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मोजलं की इंग्रजी कादंबरी किंवा पेपर डिक्शनरी न उघडता वाचायचा तर ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात, कुटुंब म्हणजे डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे सगळे एका घरातले धरायचे. वर्षाचे ३६५ शब्द धरले तर ह्याला बावीस वर्षं वर लागतील, आणि तीही एकसुद्धा शब्द विसरला नाही तर. म्हणून दोनच प्रश्न महत्त्वाचे आहेत, कुठला शब्द घ्यायचा आणि घेतलेला टिकवायचा कसा.

टिकवायचं आधी घेतो, कारण तिथंच जास्त गळती होते.

हर्मन एबिंगहाउस नावाचा जर्मन माणूस, त्यानं १८८५ मध्ये विसरण्यावरच पुस्तक लिहिलं. प्रयोग कुणावर केला तर स्वतःवर. अर्थ नसलेली अक्षरं जुळवून त्यानं याद्या केल्या, त्या पाठ केल्या, आणि काही वेळानं तीच यादी परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजलं. वीस मिनिटांनी ५८ टक्के मेहनत वाचायची, तासाभरानं ४४, एका दिवसानं ३३ च्या आसपास, महिन्यानं २१. लोक ह्यातला पहिला भागच सांगतात, की बघा किती झपाट्यानं विसरतो माणूस. पण मला महिन्यानंतरचे ते २१ टक्के जास्त मोलाचे वाटतात, कारण त्याचा अर्थ असा की जो शब्द अजिबात आठवत नाही असं आपण म्हणतो त्याचीही काहीतरी खूण आत राहिलेली असते, दुसऱ्यांदा तो लवकर येतो, तिसऱ्यांदा आणखी लवकर. शिकवणीला मुलं तोंड पाडून म्हणतात, "सर, पाठ केलतं की, पण आठवनाच," तेव्हा मी त्यांना हाच आकडा दाखवतो.

मग परत कधी बघायचा? ह्यावर अमेरिकेतल्या एका कुटुंबानं केलेला अभ्यास भारी आहे, बारिक नावाचं कुटुंब, आई, वडील आणि दोन मुली, चौघंही स्वतःच अभ्यासक आणि स्वतःच विद्यार्थी. प्रत्येकानं परक्या भाषेतले ३०० शब्द घेतले, काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८ आणि काहींची ५६ दिवसांनी, आणि शिकणं थांबवल्यावर पुढं पाच वर्षांपर्यंत परीक्षा घेतल्या. १९९३ मध्ये निकाल छापला. ५६ दिवसांच्या अंतरानं केलेल्या १३ उजळण्यांचा फायदा १४ दिवसांच्या अंतरानं केलेल्या २६ उजळण्यांएवढाच निघाला. निम्मी मेहनत आणि फळ तेवढंच! अंतर जास्त असलं की शिकताना मात्र जड जातं, शब्द लवकर येत नाही, चुका होतात, आणि तिथंच माणसाला वाटतं आपल्याला जमत नाही. तसं नाहीये ते. यात्रा झाली, लग्नसराई आली, पंधरा दिवस वही उघडली नाही म्हणून जे सोडून देतात त्यांनी हे नीट वाचावं, पंधरा दिवसांनी उघडलेली वही वाया गेलेली नसते.

आता उजळणी म्हणजे काय हे बघू, कारण बहुतेकांच्या डोक्यात उजळणी म्हणजे परत वाचणं. डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला मराठी, आणि डोळे दोन्हीकडं फिरवत खाली जायचं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि बरं वाटतं. २००८ मध्ये जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी सायन्स ह्या साप्ताहिकात एक प्रयोग छापला, कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थासकट शिकवले आणि चार गट केले. एकदा शब्द बरोबर आला की काही गटांनी तो परत वाचायचा थांबवला पण न बघता आठवायचा चालू ठेवला, काही गटांनी परत आठवायचं थांबवलं. एका आठवड्यानं परीक्षा घेतली तर आठवत राहिलेल्या गटांना ८० टक्के शब्द आले, आणि ज्यांनी आठवायचं सोडलं होतं, मग भले वाचत राहिले असतील, त्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. आणि गंमत पुढं आहे, परीक्षेच्या आधी मुलांना विचारलेलं की तुम्हाला किती येतील, तर चारही गटांनी साधारण निम्मे येतील असंच सांगितलं. म्हणजे आपलं आपल्याला कळतच नाही कुठली पद्धत कामाची ते. वाचून जे बरं वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका असं मी सगळ्यांना सांगतो.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातनं बेळगावला पीयूसीला येणारी एक मुलगी माझ्याकडं शिकवणीला आहे. बसमध्ये वही उघडली की तिला मळमळतं, म्हणून तिनं कार्डं केली. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे, मागची कोरी बाजू वर. पुढं बायोलॉजीच्या पुस्तकातलं वाक्य, त्यात एक शब्द गाळलेला, आणि मागं तो शब्द आणि मराठी अर्थ. सगळी कार्डं कुंदा मिठाईच्या रिकाम्या बॉक्समध्ये, पुठ्ठ्याचे चार कप्पे करून. शब्द बरोबर आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्या कप्प्यात, पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, शेवटचा महिन्यानं. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर ह्या जर्मन पत्रकारानं १९७० च्या दशकात लोकांपुढं मांडली, आता मोबाइलवरची फ्लॅशकार्ड अॅप्स साधारण हेच काम करतात. तिची एक गोष्ट मला फार आवडली, ती नुसता शब्द कधीच लिहीत नाही, वाक्यच लिहिते, त्यामुळं शब्दाचे सोबती पण पाठ होतात, पावसाच्या आधी हेवी येतं, स्ट्राँग येत नाही, आणि हे कुठल्याही अर्थाच्या यादीत सापडत नाही.

आता कुठला शब्द. इथं मी जरा स्पष्ट बोलतो, स्टेटसवर फिरणारे सेरेन्डिपिटी सारखे दिमाखदार शब्द सुरुवातीला घेऊ नका. ब्रिटिशांच्या काळात मायकल वेस्ट नावाचे शिक्षक बंगालात, ढाक्याला काम करायचे. मुलांना इंग्रजी वाचायला आलं पाहिजे ही त्यांची तळमळ, आणि पुढं १९५३ मध्ये त्यांनी जास्तीत जास्त उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी छापली. साध्या इंग्रजी मजकुरातले साधारण ८० टक्के शब्द एवढ्यातच येऊन जातात. २००० साली न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी कॉलेजच्या पुस्तकांसाठी ५७० शब्दकुटुंबांची दुसरी यादी केली, त्यानं त्या पुस्तकांतला आणखी १० टक्के मजकूर उलगडतो. ह्या यादीत अझ्यूम, डिराइव्ह, सिग्निफिकंट, इव्हिडन्स, व्हेअरअॅज असले शब्द आहेत, आणि पीयूसीच्या मुलांना आडवे येतात ते नेमके हेच. ऑस्मॉसिस म्हणजे काय ते लेक्चरर फळ्यावर आकृती काढून सांगतात, पण प्रश्नाच्या सुरुवातीचं अझ्यूम कुणीच समजावून सांगत नाही, सगळे धरून चालतात की ते येतंच. रोज एक म्हटलं तरी हे ५७० दीड-पावणेदोन वर्षांत संपतात, म्हणजे दोन वर्षांच्या पीयूसीत बरोबर बसतात.

आणि प्रत्येकानं थोडे शब्द आपल्या कामातले घ्यावेत. बेळगावच्या उद्यमबाग ह्या औद्योगिक भागात कारखान्यात काम करणारा पोरगा दिवसभर टॉलरन्स, फिनिश, क्लिअरन्स बोलतोच आहे, त्याला आवाज आणि अर्थ दोन्ही येतात, फक्त ड्रॉइंगवर लिहिलेला शब्द ओळखायचा राहिलाय. त्याचं अर्धं काम झालेलंच आहे.

एक चूक मात्र पुस्तकंसुद्धा करतात, एका अर्थाचे शब्द एकाच दिवशी देतात, हॅपी, ग्लॅड, चिअरफुल, नाहीतर सगळ्या फळांची नावं, नाहीतर उलट अर्थाच्या जोड्या. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण थॉमस टिंकम यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकायला जास्त वेळ लागला, कारण ते एकमेकांत मिसळतात. एक आज घ्या, दुसरा पहिला पक्का झाल्यावर.

आपल्या भागातल्या मुलांना "तीन भाषांत घोळ होतोय, म्हणून इंग्रजी कच्ची" असं सर्रास ऐकवलं जातं आणि मला ते ऐकून वाईट वाटतं. २००९ मध्ये मार्गारिटा कौशान्स्काया आणि व्हिओरिका मारियन यांनी इंग्रजी-स्पॅनिश आणि इंग्रजी-मँडरिन बोलणाऱ्यांना आणि फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांना नवीन बनवलेले शब्द शिकवून बघितलं, तर लहानपणापासून दोन भाषा येणारे दोन्ही गट पुढं होते. घरात मराठी आणि गल्लीत कन्नड बोलणारं आपलं पोरगं पण लहानपणापासून दोन भाषांतच वाढलंय, त्याला कच्चं ठरवायची घाई नको.

राहिली झोप. निकोला ड्युमे आणि गॅरेथ गास्केल यांनी २००७ मध्ये लोकांना कॅथीड्रलशी मिळताजुळता कॅथीड्रूक असले खोटे शब्द शिकवले. नवीन शब्द मेंदूच्या शब्दकोशात खरंच बसला असेल तर ओळखीचा कॅथीड्रल ऐकताना तो मध्ये लुडबुड करणार, अशी ती तपासणी. रात्री शिकलेल्यांमध्ये बारा तासांनी, झोप झाल्यावर, ही लुडबुड दिसली. सकाळी शिकलेल्यांमध्ये जागेपणीच्या बारा तासांनंतर दिसली नाही, रात्र उलटून चोवीस तास झाल्यावर दिसली. शिकलेलं आधी मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग धरून ठेवतो आणि झोपेत ते मेंदूच्या बाहेरच्या थरात जुन्या शब्दांच्या शेजारी रुजत जातं, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागून शब्द कोंबणारा उजळणीत अंतरही ठेवत नाही आणि झोपही घेत नाही, दोन्हीकडून मार खातो. नवीन शब्द रात्री जेवण झाल्यावर घ्या, वाक्यासकट लिहा, झोपा, सकाळी बसची वाट बघताना कार्ड न उलटता आठवून बघा, मराठीवरनं इंग्रजी आणि इंग्रजीवरनं मराठी दोन्ही, आणि ज्या दिवशी वेळच मिळणार नाही त्या दिवशी नवा शब्द राहू दे, जुने कप्पे तेवढे बघा.