झाइर्यू कार्ड मागण्याचा अधिकार आला कुठून? एक पार्श्वभूमी

जपानमध्ये पोलिसाने रस्त्यात थांबवून झाइर्यू कार्ड, म्हणजे परकीय रहिवाशांना मिळणारे निवासाचे ओळखपत्र, मागितले, अशी तक्रार आपल्या लोकांत अधूनमधून निघते. त्यावर जुन्या मंडळींचे उत्तर ठरलेले असते: कायदाच आहे, दाखवा आणि पुढे व्हा. कायदा आहे, यात वाद नाही. पण तो मुळात कोणासाठी झाला, पुढे त्यातून कोणाची सुटका झाली आणि मागे कोण राहिले, हे नव्याने आलेल्यांना सहसा कोणी सांगत नाही. कंपनीचा एचआर दंडाची रक्कम सांगून मोकळा होतो.

फार मागे जाण्याची गरज नाही. मेइजी काळात (१८६८–१९१२) परकीयांना परदेशांशी केलेल्या करारांनी खुल्या झालेल्या बंदरांबाहेर, देशाच्या आतल्या भागात जायचे तर परवाना लागे. १८९९ मध्ये सुधारलेले करार लागू झाले आणि ती अट गेली. त्यानंतरच्या काळातली एकच गोष्ट इथे महत्त्वाची आहे. कोरिया आणि तैवान जपानच्या ताब्यात होते, तिथले लोक जपानी प्रजाजन गणले जात, आणि त्यांतले लाखो जण आधी पोटापाण्यासाठी, पुढे युद्धकाळातल्या सक्तीच्या भरतीने जपानमध्ये आले. युद्धाच्या वर्षांत इथल्या कोरियनांना फोटो लावलेली पुस्तिका देण्यात येऊ लागली. ती जवळ नसली की अडचण, हे त्या पिढीने तेव्हापासूनच अनुभवले.

जपानची आजची राज्यघटना ३ मे १९४७ रोजी अमलात आली. तिच्या आदल्या दिवशी, २ मे रोजी, जुन्या पद्धतीच्या अगदी शेवटच्या शाही फर्मानांपैकी एक निघाले, ते परकीयांच्या नोंदणीचे. कोरियन आणि बहुतेक तैवानी लोकांना ‘तूर्त परकीय मानावे’ असे त्यात कलम होते. नागरिकत्व अजून जपानीच होते; मतदानाचा हक्क मात्र १९४५ च्या डिसेंबरात निवडणूक कायदा बदलून थांबवलेला होता. नोंद झालेल्या सुमारे सहा लाख परकीयांपैकी दहातले नऊहून अधिक कोरियन होते. सदासर्वकाळ कार्ड बाळगण्याची सक्ती सुरू झाली ती या लोकांसाठी, काल-परवापर्यंत ज्यांना स्वतःच्याच प्रजेत मोजले त्यांच्यासाठी. ही तारीख योगायोग होती असे मला वाटत नाही. नव्या घटनेखाली हे सगळे संसदेत मांडून, चर्चा करून करावे लागले असते.

पाच वर्षांनी ‘तूर्त’ हा शब्दही गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा शांतता करार २८ एप्रिल १९५२ रोजी लागू झाला. त्याच्या नऊ दिवस आधी न्याय खात्याच्या एका विभागप्रमुखाच्या सहीने परिपत्रक निघाले: ज्यांची कुटुंबनोंद कोरिया किंवा तैवानच्या नोंदवहीत आहे, त्यांचे जपानी नागरिकत्व करार लागू होताच संपेल. कोणाला निवड करू दिली नाही. लग्नामुळे कोरियन नवऱ्याच्या नोंदवहीत गेलेल्या जपानी बायकाही एका दिवसात परकीय झाल्या. आणि त्याच २८ एप्रिलला परकीय नोंदणीचा नवा कायदा जाहीर झाला. बाळगण्याची सक्ती त्यात कायम राहिली, शिवाय बोटांच्या ठशांची भर पडली. विरोध इतका झाला की ठसे घेणे प्रत्यक्षात १९५५ पर्यंत सुरू करता आले नाही.

ठशांच्या लढ्याबद्दल सविस्तर लिहिण्यासारखे खूप आहे, इथे गरजेपुरते लिहितो. डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवून ठसा द्यायचा, तोही एकदा देऊन भागत नसे, दर नूतनीकरणाला द्यायचा. वयाच्या चौदाव्या वर्षापासून, आणि १९८२ नंतर सोळाव्यापासून. वर्गातल्या जपानी मुलांना जे कधी करावे लागत नव्हते ते जपानमध्येच जन्मलेल्या, जपानीच बोलणाऱ्या मुलांना वॉर्ड ऑफिसात उभे राहून करावे लागे. जपानमध्ये पोलीस ठसे घेतात ते संशयिताचे. १९८० च्या सप्टेंबरात शिंजुकुच्या वॉर्ड ऑफिसात एका कोरियन गृहस्थांनी नकार दिला. हळूहळू इतरही उभे राहिले. १९८५ हे मोठ्या संख्येने कार्डे बदलण्याचे वर्ष होते. त्या वर्षी नकार देणारे आणि ठसा देणे लांबणीवर टाकणारे मिळून दहा हजारांच्या वर गेले. कित्येक नगरपालिकांनी त्यांच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार करायचे नाकारले. सरकारने शाई रंगहीन केली, १९८७ मध्ये ठसा एकदाच देण्याची सोय केली. १९८९ मध्ये सम्राटांच्या निधनानिमित्तच्या माफीत खटले रद्द झाले. अनेकांनी ती माफी आपल्याला नको म्हणून सांगितले, कारण त्यांना न्यायालयाचा निकाल हवा होता.

निकाल आला तो १५ डिसेंबर १९९५ रोजी, १९८१ मध्ये कोबेत ठसा नाकारणाऱ्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विनाकारण ठसा द्यायला लावला जाऊ नये हे स्वातंत्र्य घटनेच्या तेराव्या कलमात येते आणि ते परकीयांनाही आहे. त्याच निकालात पुढे म्हटले की ही पद्धत वाजवी हेतूसाठी आहे, म्हणून घटनाबाह्य नाही. हक्क मान्य, पण तक्रार फेटाळली. या विषयातले अधिकृत उत्तर पुढेही साधारण याच वळणाचे येत राहिले.

कायदा मात्र न्यायालयाने नव्हे, राजकीय वाटाघाटींनी बदलला. १९९१ मध्ये दक्षिण कोरियाशी झालेल्या समझोत्यानंतर जुन्या वसाहतींतल्या लोकांना आणि त्यांच्या वंशजांना ‘विशेष कायम रहिवासी’ हा दर्जा मिळाला. १९९३ पासून त्यांचे आणि इतर कायम रहिवाशांचे ठसे बंद झाले, एप्रिल २००० पासून सर्वांचेच. विशेष रहिवाशांना कार्ड विसरल्यास होणारी फौजदारी शिक्षाही त्याच दुरुस्तीत सौम्य, प्रशासकीय दंडावर आली.

पुण्यामुंबईचे आणि दक्षिणेतले संगणक अभियंते टोकियोच्या एदोगावा भागात येऊ लागले ते याच सुमारास, २००० च्या आगेमागे. म्हणजे आपण आलो तेव्हा लढा संपला होता, ठसे बंद झाले होते आणि कार्ड बाळगण्याची अट तेवढी उरली होती. आपल्यातल्या बहुतेकांना ती नेहमीचीच, कोणत्याही परदेशातली असते तशी वाटली.

ठसे पुन्हा आले ते २० नोव्हेंबर २००७ रोजी. दहशतवादाला आळा हे कारण देऊन विमानतळावर सोळा वर्षांवरील परकीयांचे ठसे आणि फोटो घेणे सुरू झाले. वगळले कोणाला? राजनैतिक अधिकारी वगैरे, आणि विशेष कायम रहिवासी. वीस वर्षे घर करून राहिलेला साधा पीआरवाला (कायम रहिवासी) सुट्टीहून परतला की ठसा देतो. इथून पुढे दोन गट स्पष्ट वेगळे होत जातात.

२००९ च्या दुरुस्तीने, जी ९ जुलै २०१२ पासून लागू झाली, जुना नोंदणी कायदा रद्द झाला आणि आजचे झाइर्यू कार्ड आले. आधीचे कार्ड नगरपालिका देत असे आणि ते व्हिसा नसलेल्यालाही मिळू शके. बदलाचे ते एक मोठे कारण होते. आता कार्ड थेट न्याय मंत्रालयाचे झाले, आत चिप आली, आणि परकीयांचे नाव नेहमीच्या रहिवासी नोंदवहीत आले. हा शेवटचा भाग खरोखर चांगला झाला. नवरा-बायकोपैकी एक परदेशी असले की नोंदीत दिसत नसे, ते थांबले. याच दुरुस्तीत विशेष कायम रहिवाशांची कार्ड बाळगण्याची सक्ती पूर्ण काढून टाकली. योग्यच झाले, साठ वर्षे उशिरा झाले. पण इतरांसाठी ती जशीच्या तशी राहिली: जवळ नसेल तर २ लाख येनपर्यंत दंड, मागितल्यावर दाखवले नाही तर एक वर्षापर्यंत कैदही. आज नऊ लाखांहून अधिक साधे कायम रहिवासी यात येतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९० च्या दशकात दोनदा आक्षेप घेतला होता तो सगळ्याच कायम रहिवाशांना शिक्षेच्या धाकाने कार्ड बाळगायला लावण्याबद्दल. सरकारने त्यांतल्या एका गटापुरतेच ऐकले. ज्यांच्यासाठी ही अट जन्माला आली ते सुटले, आणि ज्यांचा त्या इतिहासाशी काहीच संबंध नव्हता त्यांच्याकडे ती राहिली.

आता मुख्य गुंता. पोलीस रस्त्यात थांबवतो तेव्हा तो दोन वेगळे कायदे एकत्र वापरत असतो, आणि ते वेगळे आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसते. पहिला १९४८ चा, पोलिसांच्या कर्तव्यांचा. कोणालाही थांबवून प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याच्या दुसऱ्या कलमातून येतो. पण तिथे अट आहे: वागणे विचित्र असेल किंवा आजूबाजूच्या परिस्थितीवरून गुन्ह्याचा संशय घ्यायला वाजवी कारण असेल, तर. शिवाय त्याच कलमात लिहिले आहे की कोणाला इच्छेविरुद्ध अडकवून ठेवता येणार नाही, चौकीत नेता येणार नाही, उत्तर द्यायला भाग पाडता येणार नाही. जपानी माणूस ‘घाईत आहे’ म्हणून निघून गेला तर तो गुन्हा नाही. त्याच्याजवळ ओळखपत्र नसणे हाही गुन्हा नाही.

दुसरा कायदा इमिग्रेशनचा, त्याचे तेविसावे कलम. इमिग्रेशनचे अधिकारी, पोलीस, तटरक्षक आणि नियमात नेमून दिलेले काही इतर सरकारी कर्मचारी ‘कर्तव्य बजावताना’ कार्ड मागू शकतात, आणि मग दाखवावेच लागते. संशय हवा, असे या कलमात कुठेही नाही. सगळा वाद या जागी आहे. कर्तव्य कोणते? पोलिसांची बाजू घेणारे म्हणतात, गस्त हेच कर्तव्य, म्हणून गस्तीवर असताना मागितले की पुरे. वकिलांची बाजू अशी की मागण्याआधी थांबवावे लागते, आणि थांबवायला पहिल्या कायद्यातले वाजवी कारण लागते. चेहरा परकीय असणे हे गुन्ह्याच्या संशयाचे कारण होऊ शकत नाही. मला दुसरी बाजू पटते. पहिली मानली तर पहिल्या कायद्यातले संरक्षण परकीयांपुरते रद्द झाले, असा अर्थ होतो, आणि तसे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. शिवाय पोलिसाला चेहऱ्यावरून नागरिकत्व कळत नाही. जपानी पासपोर्टवाला पण बाहेरच्या वंशाचा माणूसही थांबवला जातो, आणि त्याच्याकडे दाखवायला झाइर्यू कार्ड असूच शकत नाही.

व्यवहारात मात्र क्रम उलटा चालतो. आधी कार्ड, मग पिशवी, मग कुठे निघालात. नकार दिला तर नकार हेच संशयाचे कारण धरले जाते. आपल्या लोकांनी म्हणून एक लक्षात ठेवावे: कार्ड दाखवणे बंधनकारक आहे, पिशवी उघडून दाखवणे संमतीवर आहे. आणि त्याच तेविसाव्या कलमानुसार कार्ड मागणाऱ्याने आपले ओळखपत्र जवळ बाळगायचे असते आणि मागितले तर दाखवायचे असते. नम्रपणे विचारायला हरकत नाही.

अधिकार नसलेल्यांनी मागण्याची सवयही अशीच पसरली. एप्रिल २००५ पासून हॉटेलांनी जपानमध्ये पत्ता नसलेल्या परकीयांचे राष्ट्रीयत्व आणि पासपोर्ट क्रमांक नोंदवायचा असे ठरले. जपानमध्येच राहणाऱ्यांना ते लागू नव्हते. तरी काउंटरवर परकीय चेहरा दिसला की कार्ड मागण्याची पद्धत पडली, आणि आजही पत्ता जपानचा लिहून दिला तरी कार्डची झेरॉक्स हवी म्हणून अडवणारी हॉटेले आहेत.

आकडेवारी उशिरा आली. वकिलांच्या एका संघटनेने २०२२ मध्ये परदेशी मूळ असलेल्या २,०९४ लोकांना विचारले, ६२.९ टक्के लोकांना मागच्या पाच वर्षांत पोलिसांनी थांबवले होते. हे सर्वेक्षण होते, उत्तर द्यायला पुढे आलेल्या लोकांचे, म्हणून ते प्रमाण सगळ्यांना लावता येणार नाही. पण त्याच वर्षी पोलिसांच्या केंद्रीय यंत्रणेने स्वतःच्या तपासणीत २०२१ मधली अयोग्य प्रकरणे किती सापडली म्हणून सांगावे? चार प्रांतांत मिळून सहा. त्याच २०२१ च्या जानेवारीत टोकियो स्टेशनवर जटा राखलेल्या एका तरुणाला थांबवल्याची चित्रफीत फिरली होती. अशा केसांचे लोक अमली पदार्थ बाळगतात असा आपला अनुभव आहे, असे पोलीस त्यात कॅमेऱ्यासमोर सांगतो. डिसेंबरात अमेरिकेच्या वकिलातीने आपल्या नागरिकांना अशा थांबवण्याबद्दल जाहीर सावधगिरीचा इशारा दिला.

२९ जानेवारी २०२४ रोजी तीन रहिवाशांनी केंद्र सरकार, टोकियो आणि आइची प्रांत यांच्याविरुद्ध टोकियोच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. त्यांतला एक लहानपणी पाकिस्तानातून येऊन जपानी नागरिक झालेला. मागणी नुकसानभरपाईची आहेच, पण त्याबरोबर वंशावरून थांबवणे बेकायदा आहे असे न्यायालयाने म्हणावे, ही खरी मागणी. वर सांगितलेला दोन कायद्यांचा गुंता तिथे पहिल्यांदाच इतक्या थेटपणे मांडला गेला.

त्याच वर्षी जूनमध्ये कायदा पुन्हा बदलला. मायनंबर कार्ड (जपानचे राष्ट्रीय ओळखक्रमांकाचे कार्ड) आणि झाइर्यू कार्ड एकत्र करण्याची सोय त्यात आहे, ऐच्छिक. अधिक खळबळ झाली ती पीआर रद्द करण्याच्या नव्या कारणांमुळे. मुद्दाम कर बुडवणे हे एक, आणि इमिग्रेशन कायद्यातली कर्तव्ये न पाळणे हे दुसरे. कार्ड बाळगणे हेही त्यांतलेच कर्तव्य, म्हणून एक दिवस कार्ड घरी विसरले तर पीआर जाईल की काय, अशी भीती पसरली. सरकारने खुलासा केला की नुसत्या विसरण्याबद्दल तसे केले जाणार नाही. संसदेत चर्चेनंतर एक पुरवणी कलमही जोडले गेले: निर्णय घेताना त्या माणसाची परिस्थिती नीट विचारात घ्यावी. खुलासा कायद्याच्या मजकुरात नाही, पुरवणी कलम आहे. विसरलेल्या कार्डाबद्दलचा २ लाख येनपर्यंतचा दंड मात्र पीआरवाल्यांनाही पूर्वीसारखाच लागू आहे.