रागाचं निदान रक्तात होतं का?

कोलेस्टेरॉल कमी म्हणजे तब्येत ठणठणीत, असंच आपण धरून चालतो. १९९० मध्ये मात्र एका विश्लेषणाने डॉक्टरांना बुचकळ्यात टाकलं. कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या प्रयोगांत हृदयविकाराचे मृत्यू घटले होते, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसेतले मृत्यू वाढलेले दिसत होते. मनोरुग्णालयांतल्या काही अभ्यासांतही हिंसक रुग्णांचं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा कमी भरलं. स्पष्टीकरणही तयार होतं: पेशींच्या पटलातलं कोलेस्टेरॉल घटलं की आवेगाला लगाम घालणाऱ्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचं काम मंदावतं.

ऐकायला सगळं चपखल बसतं. अडचण अशी, की मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. रक्तातलं तिथे जवळपास पोहोचतच नाही. शिवाय कुपोषण आणि दीर्घ आजार यांनीही ते खाली येतं, म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हेच ठरत नाही. पुढे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या मोठ्या चाचण्यांत हिंसक मृत्यू काही वाढले नाहीत. २०१५ च्या एका चाचणीत तर स्टॅटिन घेणाऱ्या पुरुषांची आक्रमकता सरासरीने कमी झाली आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची वाढली! टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा एवढा गवगवा होतो, पण त्याचा आक्रमकतेशी असलेला संबंध फिकाच आहे.

मनोरुग्ण म्हणजे हिंसक, हा समज मुळातच चुकीचा. बहुतेक रुग्ण कुणावर हात उचलत नाहीत. त्यामुळे रक्ताचा अहवाल पाहून ‘हा मारेल’ असं सांगणारी चाचणी आज नाही, आणि कुणी तसा दावा केला तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

मग रुग्ण अचानक बिथरला की डॉक्टर रक्त कशासाठी तपासतात? रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली बरीच घसरली, तर शांत माणूसही गोंधळतो, अंगावर धावून येतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा तो सुमारे २० टक्के खातो. रक्तातलं सोडियम एकदम उतरलं तरी माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. स्किझोफ्रेनियाचे काही रुग्ण अतोनात पाणी पितात, त्यांना हा धोका जास्त. काही नैराश्यरोधक गोळ्यांनीही सोडियम घटतं. गंमत व्हॅल्प्रोएटची: चिडचिड आवरायला दिलेलं हे औषध क्वचित रक्तातला अमोनिया वाढवतं, रुग्ण गुंगीत जातो किंवा आणखी बिथरतो. अशा वेळी आजार बळावला असं समजून डोस वाढवला, तर अमोनिया आणखी चढू शकतो.