गुलाबी अळी चालंना

मागच्या खरिपात गुलाबी बोंडअळीवर दीड मिनिटाची एक ॲनिमेशनपट्टी केली होती. काम एका शेतकरी गटाचं, पैसे बेताचे, पण विषय घरचा. आमचं गाव जालना जिल्ह्यातलं. तिथं दोन माणसं भेटली की तिसरं वाक्य कपाशीचंच असतं. पट्टीतला मुख्य प्रसंग असा: पूर्ण वाढलेली अळी बोंडाला भोक पाडून बाहेर येते आणि कोशात जायला खाली मातीकडं निघते. तिच्या चालीवर मी दोन रात्री घालवल्या. अंग आकसायचं, पुढं ढकलायचं, परत आकसायचं. सेकंदाला 24 चौकटी. संभाजीनगरच्या खोलीत, माझ्या मोठ्या मॉनिटरवर, ती झकास वळवळत होती.

गावाकडं आबांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी भर दुपारी बांधावर उभं राहून बघितली आणि लगेच फोन केला. “आरं, अळी कुठंय? नुसता गुलाबी डाग दिसतोय. चालंना की ती.”

आधी मी फोनला दोष दिला, मग उन्हाला, मग आबांच्या चष्म्याला. संध्याकाळी सहज म्हणून त्या प्रसंगातला रंग पूर्ण काढून टाकला आणि कृष्णधवल करून बघितला. अळी गायब. बोंड करडं, अळीही तितकीच करडी. आबांचा चष्मा निर्दोष सुटला.

पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा या तीन दिव्यांच्या मिश्रणानं होतो आणि प्रत्येक दिव्याला 0 ते 255 असा आकडा असतो. माझ्या अळीचा गुलाबी होता 220, 110, 140. बोंडाचा हिरवा 95, 155, 70. आकडे बघितले तर दोघांचा काही संबंध नाही. पण आपल्या डोळ्याला हे तीन दिवे सारखे उजळ वाटत नाहीत. पडद्याच्या प्रमाण सूत्रात उजळपणाचा सुमारे 72 टक्के वाटा हिरव्याचा, 21 टक्के लालचा आणि निळ्याचा जेमतेम 7 टक्के. या हिशेबानं अळी आणि बोंड यांच्या उजळपणाचं गुणोत्तर आलं 1.06 : 1. वाचायच्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान 4.5 : 1 असावं असा वेबवरचा संकेत आहे. माझी अळी, उजळपणाच्या भाषेत सांगायचं तर, बोंडात विरघळून गेली होती.

बरं, रंग तर वेगळा होता ना? गुलाबी डाग आबांनाही दिसलाच होता. मग त्याची चाल का दिसू नये? हालचाल आणि रंग यांचा मेंदूतला हिशेब बराचसा वेगवेगळ्या वह्यांत मांडला जातो. डोळ्याच्या पडद्यावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांच्याकडून आलेल्या संकेतांची मेंदूकडं जाताना दोन प्रकारे मांडणी होते: एक बेरीज, तिच्यातून उजेड किती ते कळतं, आणि वजाबाक्या, त्यांतून लाल की हिरवं, निळं की पिवळं ते कळतं. बेरजेची वाट जलद आणि बारकावे टिपणारी. वजाबाकीची वाट संथ आणि जराशी धूसर. काय हललं, कुठं हललं, हे मेंदू मुख्यतः पहिल्या वाटेवरून ओळखतो.

1978 मध्ये व्ही. एस. रामचंद्रन आणि रिचर्ड ग्रेगरी यांनी हे फार नेटक्या प्रयोगानं दाखवलं. असंख्य ठिपक्यांचं एक चित्र, आणि त्याच्याच दुसऱ्या प्रतीत मधला ठिपक्यांचा एक तुकडा जरासा बाजूला सरकवलेला. दोन्ही चित्रं एकामागोमाग दाखवली की तुकडा सरकताना स्पष्ट दिसतो. पण ठिपके लाल-हिरवे करून दोन्ही रंगांचा उजळपणा तंतोतंत सारखा केला, तर सरकणारा तुकडा दिसेनासा होतो. ठिपके दिसतात, रंग दिसतात, चाल मात्र हरवते. पुढं 1984 मध्ये पॅट्रिक कॅव्हॅना आणि सहकाऱ्यांनी सरकत्या रंगीत पट्ट्यांवर प्रयोग केले. उजळपणा सारखा असला की पट्ट्या प्रत्यक्षाहून हळू सरकताना भासतात, कधी कधी तर थांबल्यासारख्याच वाटतात. आबांनी मला हेच जालन्याच्या बोलीत सांगितलं होतं.

व्हॉट्सॲपनं त्यात भर घातली, पण त्यालाही कारण डोळाच. व्हिडिओ दाबून लहान करताना उजळपणा प्रत्येक बिंदूसाठी ठेवतात आणि रंगाची माहिती साधारणपणे चार बिंदूंत मिळून एकदाच. माणसाला रंगाचे बारीक तपशील नाहीतरी नीट दिसत नाहीत, मग जागा का अडवायची, असा हा सरळ व्यवहार. एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही. पण ज्या चित्राची सगळी भिस्त रंगभेदावर आहे, त्याच्या कडा फिसकटतात. वरून मराठवाड्यातलं ऊन. काचेवरून परतणारा उजेड पडद्यावरच्या काळ्यालाही करडा करून टाकतो आणि उरलासुरला फरक पुसतो.

म्हणून हल्ली मी रंगांची निवड करड्यापासून सुरू करतो. आधी तीन-चार करड्या छटांत सगळा प्रसंग चालवून बघायचा. हलणारी गोष्ट तेवढ्यावर दिसली, तर मग रंग भरायचे. जुन्या मंडळींना हे ठाऊक होतं असं अजिंठ्याला गेलं की वाटतं. तिथले रंग मोजके: तांबडी आणि पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा, पांढरा, आणि नंतरच्या काळात अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून आलेल्या लाजवर्दाचा निळा. तेवढ्यावर शेकडो माणसं, हत्ती, माकडं, राजवाडे उभे केले आहेत. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. मोबाइलवर त्याचा फोटो कृष्णधवल करून बघा. झुकलेली मान, जड पापण्या, हातातलं कमळ, काहीही हरवत नाही. हजारो इमोजींच्या जमान्यात हे बघून माणूस जरा गप्प होतो.

रंग स्थिर असताना एक गोष्ट, आणि तो वेळेबरोबर बदलताना दुसरीच. पट्टीच्या सुरुवातीला सूर्योदय होता. पिवळ्या आकाशातून निळं आकाश व्हायचं. मी संगणकाला पहिला रंग दिला, शेवटचा दिला आणि मधलं त्याच्यावर सोडलं. मध्यावर आकाश सिमेंटच्या पत्र्यासारखं झालं. गणित साधं आहे. शुद्ध पिवळा म्हणजे 255, 255, 0 आणि शुद्ध निळा 0, 0, 255. दोघांची सरासरी काढली तर तिन्ही आकडे सुमारे 128 येतात, म्हणजे चक्क राखाडी. लालातून हिरव्यात जाताना असाच मळकट शेवाळी लागतो. उपाय दोन. एक, वाटेत स्वतःचा थांबा द्यायचा, जसं खरं आकाश केशरी-गुलाबीवरून फिरून जातं. दोन, सरासरी काढायची ती दिव्यांच्या आकड्यांची नाही, डोळ्याला जाणवणाऱ्या अंतराची. त्यासाठी ब्योर्न ओटोसन या स्वीडिश प्रोग्रामरनं 2020 मध्ये ओकेलॅब नावाची मोजणी मांडली आणि ती आता ब्राउझरांपर्यंत पोचली आहे.

संध्याकाळ रंगवताना वेगळीच गंमत. दिवसाच्या चित्रावर निळी काच ठेवली की रात्र झाली, असं आपण धरून चालतो. एकदा मे महिन्यात दिवेलागणीला गुलमोहराखाली उभं राहून बघा. उजेड सरत जातो तसा आधी काळा पडतो तो फुलांचा लाल. पानं त्यानंतरही थोडा वेळ ओळखू येतात. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना लाल प्रकाश जवळपास कळतच नाही, निळ्या-हिरव्याकडं त्यांचा ओढा. चेक शास्त्रज्ञ पुरकिन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे टिपलं. म्हणजे रात्रीच्या प्रसंगात लाल लुगडं लालच ठेवलं, तर बघणाऱ्याला काहीतरी खोटं वाटतं. काय ते सांगता येत नाही, पण वाटतं.

लुगड्यावरून पैठणी आलीच. पैठणला मागावर जवळून बघितलं तर धूपछावेचं गुपित उघडंच असतं: ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा, दुसऱ्या. पदर हलला, घडी वळली, की कधी हा रंग वर येतो कधी तो. पैठणी नेसून चालणारी बाई ॲनिमेशनमध्ये काढायची तर एका कापडाला एक रंग देऊन भागत नाही. दोन रंग घ्यायचे आणि घडीच्या कोनाप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलायचं. मी एकदा हा प्रयत्न केला होता. पहिल्या फेरीत बाई कमी आणि पोळा झालेला बैल जास्त दिसत होता, कारण दोन्ही रंग एकदम भडक घेतले होते.

शेजारचा रंग काय करतो, हेही विणकरांच्याच दुनियेतून पुढं आलं. पॅरिसच्या गोब्लाँ कारखान्यात 1824 पासून शेव्ह्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काळा धागा फिका दिसतोय. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणल्यामुळं काळा मवाळ दिसत होता. त्याचे नियम 1839 मध्ये छापून आले. ॲनिमेशनमध्ये तर शेजार दर सेकंदाला बदलतो. तोच गुलाबी हिरव्या पानावरून काळ्या मातीवर उतरला की वेगळाच दिसू लागतो.

शेतकरी गटातल्या एकांचा आग्रह होता की पट्टीतला ‘धोका’ हा शब्द लाल-निळा लुकलुकावा. तेवढं मी ऐकलं नाही. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये एका कार्टूनच्या भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला बारा वेळा आलटून पालटून चमकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, आणि भडक लाल तर जपूनच, हा नियम आज अनेक ठिकाणी पाळतात. ‘धोका’ जाड, पिवळ्यावर काळा आणि एका जागी गप्प उभा राहिला. त्यात आणखी एक फायदा: लाल-हिरव्यात गल्लत होणारे लोक, आणि ते बहुतेक पुरुषच असतात, कारण त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर आहेत, त्यांनाही तो वाचता येतो.

आता अळी. मी बोंडाचा हिरवा गडद करून 40, 80, 35 वर आणला. गुणोत्तर जवळपास 3 : 1 झालं. कृष्णधवल करून बघितलं, अळी तुरुतुरु. खुशीत आबांना पाठवली.

“आता चालतीय,” आबा म्हणाले. “पण बोंड काळं का पडलंय? बोंडसड दाखवायलाय का?”

माझ्यासाठी तो नुसता गडद हिरवा होता. त्यांच्यासाठी तो रोग होता, आणि पट्टी बघणार होते ते त्यांच्यासारखेच. बोंड परत पहिल्या हिरव्यावर नेलं. अळीच्या पोटाखाली गडद सावलीची एक पट्टी ओढली, पाठीवर फिक्कट उजेडाची एक रेघ दिली, आणि दोन्ही तिच्या चालीबरोबर आकसत-ताणत ठेवल्या. रंग एकही बदलला नाही. तिसऱ्यांदा पाठवली. आबांचा फोन आला तेव्हा ते शेतातच होते, मागं पंप चालू होता.

“हां, निघाली बघ मातीकडं,” ते म्हणाले. “आता डोमकळी, अळीनं मिटवलेलं फूल, कव्हा दाखवतोस?”