फाइल वेगळी, लायब्ररी तीच: ड्रिफ्टमधला 'पार्ट' आणि 'मॉड्यूलर'

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्रा अडत्यासाठी एक अ‍ॅप करायचं आहे असं धरू. नेटवर्क गेलं तरी लिलावाची नोंद थांबता कामा नये, म्हणून सगळा डेटा फोनवरच्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये. अ‍ॅप फ्लटरचं, म्हणजे डार्ट भाषेत लिहिलेलं, आणि एसक्यूलाइटशी बोलायला ड्रिफ्ट हे पॅकेज. टेबलांच्या व्याख्या वाचून लागणारा डार्ट कोड ते स्वतः लिहून (जनरेट करून) देतं. हे पॅकेज २०२१ पर्यंत मूर या नावानं चालायचं. सुरुवातीला टेबलं मोजकी असतात: शेतकरी, गाडी, लिलाव, पट्टी. मग हमाली येते, तोलाई येते, क्रेटचा हिशोब, शेतकऱ्यानं घेतलेली उचल, व्यापाऱ्याची उधारी. काटोल, नरखेड, वरुडकडचा माल आंबिया आणि मृग बहाराप्रमाणे वेगळा नोंदवायचा असतो. बघता बघता टेबलं चाळीसच्या वर जातात आणि ड्रिफ्टनं जनरेट केलेली एकच फाइल हजारो ओळींची होऊन बसते. ती उघडली की एडिटर अडखळतो. एक कॉलम वाढवला की सगळी फाइल पुन्हा लिहिली जाते. दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर वेगवेगळ्या टेबलांना हात लावला, आणि जनरेट झालेला कोडही गिटमध्ये ठेवलेला असला, तर कॉन्फ्लिक्ट त्याच एका फाइलमध्ये येतो.

इथं कुणीतरी म्हणतंच, "पण कोड तर आधीच वेगळ्या फाइलमध्ये आहे, पार्ट लिहिलंय ना वर!" मोठ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त वेळ याच समजुतीपायी जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डार्टमध्ये लायब्ररी ही खरी सीमा आहे, फाइल नव्हे. पार्ट म्हणून जोडलेली फाइल मूळ फाइलच्याच लायब्ररीत राहते. तिला स्वतःचे इम्पोर्ट (दुसरी फाइल वापरायला घेण्याच्या ओळी) नसतात, मूळ फाइलनं जे इम्पोर्ट केलं तेवढंच तिला दिसतं. अंडरस्कोरनं सुरू होणारी खासगी नावंही दोघींना एकमेकींची दिसतात, कारण डार्टमध्ये खासगीपणा लायब्ररीपुरता असतो. शेतात धुरा टाकला म्हणून सातबारा वेगळा होत नाही, तसंच हे. ड्रिफ्टची नेहमीची पद्धत हीच आहे: डेटाबेस क्लासच्या फाइलला एक पार्ट जोडायचा आणि त्या डेटाबेसमधल्या सगळ्या टेबलांचा कोड त्यात ओतायचा. टेबलांच्या व्याख्या तुम्ही चाळीस फाइलींत लिहिल्या असल्या तरी बाहेर पडणारा कोड एकाच ठिकाणी जमतो.

मॉड्यूलर पद्धतीत प्रत्येक व्याख्येच्या फाइलशेजारी तिची स्वतःची जनरेट झालेली फाइल येते, आणि ती स्वतंत्र लायब्ररी असते. तिला लागणारे इम्पोर्ट ती स्वतः लिहिते, तेही आय-शून्य, आय-एक अशा प्रिफिक्ससकट, म्हणजे नावांची टक्कर होत नाही. लिलावाची फाइल तिच्या जनरेट झालेल्या फाइलला इम्पोर्ट करते आणि ती उलट हिला. एकमेकींना इम्पोर्ट करणं डार्टला चालतं, त्यामुळे हे गोलाकार नातं बघून दचकू नका.

या फरकाचा रोजच्या कामातला पुरावा म्हणजे टाइप कन्व्हर्टर, डार्टमधली किंमत डेटाबेसच्या रूपात आणि उलट बदलणारा कोड. बहार हा एनम (ठरावीक पर्यायांची यादी) तुम्ही एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवला आणि टेबलात वापरला. पार्ट पद्धतीत कोड जनरेट होतो, पण कंपायलर म्हणतो की बहार नावाचं काही सापडत नाही. टेबलाच्या फाइलमध्ये इम्पोर्ट तर असतो, मग? चूक टेबलात नसते. जनरेट झालेला कोड डेटाबेसच्या लायब्ररीत आहे, म्हणून इम्पोर्ट डेटाबेसच्या फाइलमध्ये हवा. अशा इम्पोर्टची रांग त्या फाइलच्या डोक्यावर वाढत जाते. मॉड्यूलरमध्ये हा प्रश्न उरतच नाही.

बिल्डचंही तसंच. पार्टमध्ये एकच आउटपुट सगळ्या टेबलांवर अवलंबून असल्यामुळे तोलाईचा एक कॉलम बदलला तरी सगळंच पुन्हा लिहिलं जातं. मॉड्यूलरमध्ये बिल्ड रनरला (कोड जनरेट करणाऱ्या साधनाला) तोलाई आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या फाइलींपुरतं काम करता येतं.

एक जास्तीचा गोंधळ डीएओचा, म्हणजे एकेका विषयाच्या क्वेरी ठेवायच्या वेगळ्या क्लासचा. क्वेरी वेगवेगळ्या डीएओंमध्ये हलवल्या की डेटाबेस क्लास सुटसुटीत होतो, आणि ते करावंच. पण तो तुम्ही हातानं लिहिलेला कोड आहे. टेबलांचा जनरेट झालेला कोड डेटाबेसच्या पार्टमध्येच राहतो. डीएओ करूनही फाइल का आटत नाही, याचं उत्तर हे. ती थोडी आटवायचीच असेल आणि ड्रिफ्टची मॅनेजर एपीआय (सोप्या क्वेरींसाठीची तयार सोय) तुम्ही वापरत नसाल, तर बिल्डच्या सेटिंगमध्ये मॅनेजर जनरेट करणं बंद करा. प्रत्येक टेबलामागे बराच कोड वाचतो.

फाइलच्या नावावरूनही फसगत होते. मॉड्यूलर फाइलींच्या शेवटी 'डॉट ड्रिफ्ट डॉट डार्ट' असतं. पण ड्रिफ्टचा 'नॉट शेअर्ड' नावाचा एक बिल्डर (कोड जनरेट करणारा भाग) आहे, तोही याच नावानं फाइल काढतो, आणि ती असते पार्टच. फाइल उघडून वरच्या ओळी वाचा: 'पार्ट ऑफ' दिसलं तर तीच लायब्ररी, इम्पोर्ट दिसले तर वेगळी.

माझ्या मते मॉड्यूलरचं खरं मोल फाइलीच्या आकारात नाही, टेबलं वाटून घेण्यात आहे. अडत्याच्या अ‍ॅपनंतर शेतकऱ्यासाठी दुसरं अ‍ॅप आलं, आणि शेतकरी व पट्टी ही टेबलं दोन्हीकडे हवी आहेत. तुम्ही ती एका सामायिक पॅकेजमध्ये काढता. पार्ट पद्धतीत पट्टीचा रो क्लास (टेबलातली एक ओळ धरणारा क्लास) प्रत्येक डेटाबेसबरोबर वेगळा जनरेट होतो. नाव एकच, कॉलम तेच, पण डार्टच्या लेखी ते दोन वेगळे टाइप. मग सामायिक पॅकेजमध्ये 'पट्टीची बेरीज कर' असं फंक्शन लिहायचं तर पॅरामीटरला कोणता टाइप द्यायचा? तिथं तो क्लास अस्तित्वातच नाही. मॉड्यूलरमध्ये रो क्लास टेबलाशेजारी, एकदाच जन्मतो आणि दोन्ही अ‍ॅप तोच वापरतात. असं वाटप करायचं असेल तर मॉड्यूलरला पर्याय शोधत बसू नका. उलट पाच-सात टेबलांचं एकच अ‍ॅप असेल तर पार्टच ठेवा, तिथं फाइलींची संख्या विनाकारण वाढेल.

बदल करताना कोडमध्ये थोडंच हलवावं लागतं. पार्टची ओळ जाऊन तिथं इम्पोर्ट येतो. जनरेट झालेल्या डेटाबेस क्लासच्या नावाच्या सुरुवातीचा अंडरस्कोर जातो, कारण दुसऱ्या लायब्ररीतलं खासगी नाव दिसणार नाही. डीएओच्या मिक्सिनचंही तेच. 'डॉट ड्रिफ्ट'नं संपणाऱ्या फाइलींमध्ये एसक्यूएल क्वेरी लिहिल्या असतील तर त्या डेटाबेस क्लासऐवजी त्या-त्या फाइलच्या अ‍ॅक्सेसर क्लासमध्ये जातात, म्हणून त्यांना बोलावण्याच्या जागा बदलाव्या लागतात. फोनमधल्या डेटाबेसला मात्र धक्काही लागत नाही. टेबलं एसक्यूलाइटच्या त्याच एका फाइलमध्ये राहतात, आणि फक्त एवढ्यासाठी स्कीमा व्हर्जन (टेबलांच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक) वाढवायची गरज नाही.

धोका आहे तो बिल्डच्या सेटिंगमध्ये. मॉड्यूलरसाठी नेहमीचा बिल्डर बंद करून अ‍ॅनालायझर आणि मॉड्यूलर असे दोन सुरू करावे लागतात, आणि जुने ऑप्शन या दोघांनाही सारखेच द्यावे लागतात. तारखा मजकुराच्या रूपात साठवण्याचा ऑप्शन तुम्ही पूर्वी लावला असेल आणि तो जुन्या, बंद केलेल्या बिल्डरखालीच राहिला, तर ड्रिफ्ट आपल्या मूळ सवयीवर येतं: तारीख म्हणजे युनिक्स टाइमस्टॅम्पचा (१९७० पासून मोजलेल्या सेकंदांचा) आकडा. कंपायलर गप्प राहतो, टेबलं जुळलेली दिसतात, आणि फोनवरच्या जुन्या लिलावांच्या तारखा वाचताना सगळं फिसकटतं. हा ऑप्शन लावलेला असला की जनरेट झालेल्या डेटाबेस क्लासमध्ये ऑप्शनचा एक गेटर असतो, त्यात तारीख मजकूर म्हणून ठेवल्याचं लिहिलेलं असतं. जुनी फाइल काढून टाकण्याआधी ती ओळ शोधा, नवीन बिल्ड झाल्यावर नव्या फाइलमध्येही ती आली आहे का ते बघा, आणि मगच अपडेट अडत्याच्या फोनवर जाऊ द्या.