घरगुती एचडी कॅमकॉर्डरवरील सिनेसदृश चित्रण

घरगुती वापरासाठी बनलेल्या स्वस्त हाय-डेफिनिशन कॅमकॉर्डरवर, फिल्मवर घेतल्यासारखे दिसणारे चित्रण करण्याची पद्धत. २००७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती हौशी आणि तुटपुंज्या पैशांत काम करणाऱ्या चित्रकारांमध्ये चांगलीच रुजली. कॅननचा एचव्ही२० हा या पद्धतीचा सर्वांत ओळखीचा कॅमेरा.

२००२ साली पॅनासॉनिकच्या डीव्हीएक्स१०० ने सेकंदाला २४ फ्रेमचे चित्रण छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यात आणले, पण ते साध्या रिझोल्यूशनचे होते आणि कॅमेरा व्यावसायिक दामाचा. २००३ मध्ये एचडीव्ही हा प्रकार जाहीर झाला. त्यात १४४० × १०८० पिक्सेलचे चित्र सेकंदाला २५ मेगाबिट इतके दाबून मिनीडीव्ही या जुन्याच छोट्या व्हिडिओ कॅसेटवर बसवले जाई. साधारण अकराशे डॉलरचा एचव्ही२० २००७ मध्ये आला तेव्हा एचडी आणि २४ फ्रेम या दोन्ही गोष्टी मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यात एकत्र आल्या.

फिल्मचा ‘लूक’ म्हटले की लोक आधी रंगांकडे आणि धूसर पार्श्वभूमीकडे बोट दाखवतात. खरे तर डोळ्याला फरक पहिल्यांदा जाणवतो तो हालचालीत. जुना व्हिडिओ एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे घेतो, अमेरिकेत सेकंदाला ६० आणि भारतात ५०. त्यामुळे हालचाल गुळगुळीत दिसते. ‘हे सिरियलसारखं दिसतंय’ असे आपण म्हणतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. फिल्म सेकंदाला २४ पूर्ण चित्रे घेते आणि प्रत्येक चित्राला जवळपास १/४८ सेकंद उजेड मिळतो. हलता हात त्यात थोडा पुसट होतो. शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला उजेड मिळण्याचा वेळ, १/५०० सेकंदावर ठेवले तर २४ फ्रेम असूनही तोच हात झटके खात जातो.

एचव्ही२० च्या अमेरिकी आवृत्तीत २४ फ्रेम कॅसेटवर थेट उतरत नसत, त्या ६० अर्ध्या चित्रांच्या साच्यात कोंबल्या जात. अ, ब, क, ड या चार फ्रेम घेतल्या तर कॅसेटवर पाच फ्रेम पडत, प्रत्येक म्हणजे दोन अर्ध्या चित्रांची जोडी: अअ, बब, बक, कड, डड. तिसरी आणि चौथी फ्रेम भेसळीची. संकलनाआधी ही भेसळ सॉफ्टवेअरने सोडवावी लागे, आणि कोणती फ्रेम कुठली याची खूण कॅमेरा ठेवत नसल्यामुळे सॉफ्टवेअरला क्रम अंदाजाने शोधावा लागे. भारतात चालणाऱ्या ५० हर्ट्झच्या आवृत्तीत हा घोळ नव्हता. तिथे २५ पूर्ण फ्रेम घेतल्या जात आणि दोन्ही अर्धी चित्रे एकाच क्षणाची असत. एका फ्रेमचा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून कॅमेरा मागवणाऱ्याला मात्र आणखी एक अडचण येई. आपल्याकडची चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० शटरमध्ये नेमके दोन ठोके बसतात, म्हणून प्रत्येक फ्रेम सारखी उजळ. १/६० वर पावणेदोनच्या आसपास बसतात आणि भिंत धडधडू लागते. १/४८ वर हे बरेच कमी होते, पण हलकी लाट उरतेच.

या कॅमेऱ्याची खरी चिडचिड त्याच्या स्वयंचलितपणात होती. ॲपर्चर (लेन्सचे उजेड आत सोडणारे छिद्र), शटर आणि गेन (सेन्सरच्या संकेताची इलेक्ट्रॉनिक वाढ) तिन्ही एकाच वेळी हाताने ठरवता येत नसत. मग वापरणाऱ्यांनी युक्ती काढली: शटर १/४८ वर ठेवून कॅमेरा उजळ वस्तूकडे रोखायचा, एक्स्पोजर लॉक करायचे आणि मग मूळ दृश्याकडे वळायचे. त्यामुळे गेन वाढून अंधारात मुंग्यांसारखे ठिपके येत नसत. फोटोचे बटण अर्धे दाबले की ॲपर्चर आणि शटरचे आकडे दिसत. भर उन्हात लेन्सपुढे ४३ मिलिमीटरचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लागे. ‘सिने मोड’ चित्राची कृत्रिम धार आणि कॉन्ट्रास्ट कमी करी. ती धारच व्हिडिओपण उघडे पाडते, म्हणून हा मोड नावापुरता नव्हता.

धूसर पार्श्वभूमीचे गणित अवघड होते. १/२.७ इंची सेन्सर ३५ मिमी स्थिर छायाचित्राच्या चौकटीपेक्षा रुंदीत साधारण सात पट लहान, त्यामुळे एफ/१.८ वरही (हा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि पार्श्वभूमी धूसर) पार्श्वभूमी त्या मोठ्या चौकटीवरच्या एफ/१२ इतकीच सुटी होई. फुकटचा उपाय म्हणजे मागे सरकून झूम पूर्ण ओढायचा आणि पात्राला भिंतीपासून दूर उभे करायचे. खर्चिक उपाय म्हणजे लेटस३५ किंवा ब्रेव्हिससारखा ॲडॅप्टर. त्यात फोटो कॅमेऱ्याची लेन्स थरथरत्या दुधी काचेवर प्रतिमा पाडी आणि कॅमकॉर्डर त्या काचेचे चित्रण करी. काच स्थिर राहिली तर तिचा दाणाच चित्रात दिसे. साध्या ॲडॅप्टरमध्ये प्रतिमा उलटी पडे, म्हणून छोटा मॉनिटर उलटा बांधून काम चाले. मुठीतला कॅमेरा अशा वेळी हातभर लांब नळकांडे होऊन बसे!

काही उणिवांना इलाज नव्हता. सीमॉस सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने कॅमेरा झपकन आडवा फिरवला की विजेचे खांब तिरके पडत. कॅसेटच्या मोटरची घरघर अंगच्या माइकमध्ये शिरे, तेव्हा ध्वनी वेगळा घेणेच शहाणपणाचे. एचडीव्हीत फ्रेम एकमेकींच्या आधाराने दाबलेल्या असत, त्यामुळे टेपवरचा एक डागही जवळपास अर्ध्या सेकंदाचे चित्र खाऊन टाकी. एवढ्या खटाटोपापेक्षा चांगली प्रकाशयोजना स्वस्त पडते, हे अनेकांना ॲडॅप्टर घेऊन झाल्यावर कळले.

२००८ च्या अखेरीस कॅननचाच ईओएस ५डी मार्क २ आला आणि मोठ्या सेन्सरपुढे दुधी काचेचा धंदा आटला. गंमत म्हणजे त्याच्या व्हिडिओत सुरुवातीला फक्त ३० फ्रेम होत्या. २४ आणि २५ फ्रेमची सोय २०१० मधल्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, आली. दरम्यान २००९ च्या एचव्ही४० ने २४ फ्रेम थेट कॅसेटवर उतरवून जुनी भेसळ मिटवली होती, पण तोवर कॅसेटच मागे पडू लागली होती. आता जुना एचव्ही२० घेणाऱ्यांत कपाटातल्या मिनीडीव्ही कॅसेट फायरवायर या जुन्या जोडणी-केबलने संगणकावर उतरवून घेणारेही असतात. त्यांना त्याची लेन्स नको असते, टेप फिरली की झाले.