बाळाचा ल्युकेमिया: नव्या औषधांच्या ट्रायलसाठी पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

वर्षाच्या आतल्या बाळाचा ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (एएलएल, रक्ताचा एक कर्करोग) मोठ्या मुलांच्या एएलएलसारखा वागत नाही. बहुतेक बाळांमध्ये केएमटी२ए या जनुकात फेरफार झालेला असतो, आणि केमोथेरपीने आटोक्यात आलेला आजार लवकर उलटतो. २००६ ते २०१६ या काळात चाललेल्या इंटरफँट-०६ या आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये (उपचाराच्या चाचणीत) ६५१ बाळे होती. आजार न उलटता सहा वर्षे पार करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम ४६ टक्के होते. नंतर त्याच उपचाराला ब्लिनाट्युमोमॅबचा (शरीराच्या प्रतिकारपेशींना कर्करोगाच्या पेशींवर सोडणाऱ्या औषधाचा) २८ दिवसांचा एक कोर्स जोडून केएमटी२एमध्ये फेरफार असलेल्या ३० बाळांवर अभ्यास झाला. २०२३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षे आजारमुक्त राहणारी बाळे सुमारे ८२ टक्के होती. आधीच्या उपचारात हाच आकडा ४९ होता. अशी ट्रायल उपलब्ध असेल, तर तिच्याबद्दल विचारणे आईवडिलांचा हक्कच आहे.

पात्रता कुठे अडते

वय निदानाच्या दिवशी मोजतात, अर्जाच्या दिवशी नाही. मर्यादा सहसा ३६५ दिवसांची असते. परिपक्व बी-पेशींचा ल्युकेमिया, फिलाडेल्फिया नावाचा बिघडलेला क्रोमोसोम असलेला एएलएल आणि उलटलेला आजार यांसाठी बहुधा वेगळ्या ट्रायल असतात.

सगळ्यात जास्त घात होतो तो स्टेरॉइडमुळे. खोकला, धाप किंवा ताप म्हणून बाळाला बीटामेथासोनचे थेंब किंवा प्रेडनिसोलोनचे सिरप दिलेले असते आणि घरच्यांना ते स्टेरॉइड आहे हे माहीतही नसते. इंटरफँट-०६ मध्ये निदानाआधीच्या चार आठवड्यांत तोंडाने किंवा शिरेतून स्टेरॉइड दिलेले बाळ घेत नसत. श्वासावाटे दिलेले चालत असे. त्यामागे कारण आहे. उपचाराची सुरुवात सात दिवसांच्या प्रेडनिसोनने होते आणि आठव्या दिवशी रक्तातल्या ब्लास्ट (कर्करोगाच्या अपक्व) पेशी मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये १,००० किंवा जास्त उरल्या, तर प्रतिसाद कमी समजतात. आधीच स्टेरॉइड गेले असेल, तर या मोजणीला अर्थ राहत नाही. म्हणून गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या बाटल्या, पट्ट्या आणि चिठ्ठ्या पिशवीत घालून न्या. गावच्या डॉक्टरांकडून औषधांची नावे, डोस आणि तारखा लिहून घ्या.

नमुने पहिल्या औषधाआधी जायला हवेत: फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) आणि जनुकीय तपासणीसाठी ईडीटीए ट्यूब, क्रोमोसोम आणि फिश (क्रोमोसोममधला फेरफार दाखवणारी तपासणी) यांसाठी हेपरिन ट्यूब. ईडीटीए आणि हेपरिन ही रक्त गोठू न देणारी द्रव्ये. फक्त हेपरिनमध्ये पाठवले, तर पीसीआर ही जनुकीय तपासणी बिघडते आणि बाळाला पुन्हा टोचावे लागते. ब्लिनाट्युमोमॅब असलेल्या ट्रायलसाठी रिपोर्टमध्ये सीडी१९ (हे औषध ज्याला पकडते ते पेशीवरचे प्रथिन) पॉझिटिव्ह असावे लागते.

प्रक्रिया

आईवडील थेट अर्ज करत नाहीत. बालकर्करोगतज्ज्ञ नाव सुचवतात. पण शोध तुम्हीही घेऊ शकता. भारतातली प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असावी लागते (२००९ पासून सक्ती). तिथे प्रमुख डॉक्टर, रुग्णालये आणि भरती चालू आहे की बंद, हे दिसते. नोंदणी क्रमांक नसेल, तर सही करू नका.

सोबत ठेवा: जन्मदाखला (बाळाचे नाव अजून चढले नसले तरी चालतो, जन्मतारीख महत्त्वाची), आईवडिलांचे ओळखपत्र, रेशनकार्ड, मूळ रिपोर्ट, बोन मॅरोच्या स्लाइड्स आणि रक्त दिल्याच्या नोंदी. ट्रायलचे औषध साधारणपणे मोफत असते. खाट, प्रतिजैविके आणि रक्त यांचा खर्च कोण करणार हे लेखी विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी त्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा.

मग संमतीपत्र. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदार हवा. भारतातल्या २०१९ च्या नियमांनुसार अगदी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये बाळासारख्या असुरक्षित गटासाठी संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण होते. फॉर्मवर पालकांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव विचारतात. भरपाईची वेळ आली तर ते लागते, म्हणून रकाना रिकामा सोडू नका. सही केलेली प्रत आणि माहितीपत्रक हातात घेऊनच उठा. ट्रायलसाठीची कोणतीही जादा तपासणी सहीनंतरच होते.

संशोधनासाठी किती रक्त घेणार, हेही विचारा. युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चार आठवड्यांत एकूण रक्ताच्या ३ टक्के आणि एका वेळी १ टक्का ही मर्यादा आहे. ६ किलोच्या बाळासाठी ती साधारण १४ आणि ५ मिलिलिटर होते.

ब्लिनाट्युमोमॅब २८ दिवस अखंड शिरेतून चालते, त्यामुळे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) लागते आणि रुग्णालयाजवळ राहावे लागते. मुक्कामाची सोय सहीआधीच ठरवा. ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यानंतरही नेहमीचा उपचार मिळालाच पाहिजे. ट्रायलमुळे इजा झाली, तर तिचा उपचार मोफत असतो. ताप, झटका किंवा सुस्ती दिसली, तर माहितीपत्रकावरच्या क्रमांकावर लगेच फोन करा, सकाळची वाट पाहू नका.